जास्तीची तीन अंजिरं

माझ्या सासूबाईंना कामावर सगळे घार म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर मावशी. पण वळल्या की घार. हे नाव त्यांना ठाऊक आहे, आवडतंही, फक्त तसं कुणाला कळू देणार नाहीत.

घरात आमचं दोघींचं पटत नाही, आधीच सांगून टाकते. मी घासलेली भांडी त्या पुन्हा विसळतात. मी उघडलेली खिडकी त्या लावतात. मी एक बोलले की त्यांची चार उत्तरं तयार, आणि मीही काही मुकी नाही, नाकावर राग घेऊनच जन्माला आलेय. नवरा मध्ये पडत नाही, बिचाऱ्याला दोन्हीकडून जेवायचं असतं. पण कामावर आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, आणि तिथे मात्र मी या बाईपुढे हात टेकलेत. इतकं चोख काम करणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही. सांगताना जीव जळतो, पण खरं ते खरं.

आमचं गोदाम बंदरापासून अर्ध्या तासावर. परदेशातून सुकामेवा येतो, कंटेनरच्या कंटेनर. जर्दाळू, मनुका, पिस्ते, सगळं. आम्ही बसतो अंजिरांवर. अंजीर हे फळ दिसायला साधं, पण लबाड. वरून गुळगुळीत, गोड वासाचं, आणि आत बुरशी बसून विष सोडून गेलेली. ते विष जिभेला लागत नाही, नाकाला कळत नाही, उकळलं तरी जात नाही. दिवसाच्या उजेडात तुम्ही भिंग लावून बसलात तरी काही दिसायचं नाही. पण अंधारात जांभळा दिवा धरला की असं फळ हिरवट-पिवळं चमकतं. ते उचलायचं आणि शेजारच्या बंद डब्याच्या फटीतून आत टाकायचं. एवढंच आमचं काम. दिवसाला हजारो फळं.

त्यासाठी आमची खोली काळी आहे. भिंती काळ्या, टेबलं काळी, अंगातले झगे काळे. पांढरा धागा पडला तर तो चमकतो, साबणाने धुतलेला रुमाल चमकतो. कुणी हसलं की दात चमकतात, म्हणजे अंधारातही कोण कामात आहे आणि कोण टवाळक्या करतंय ते लगेच कळतं. सासूबाईंना कवळी आहे आणि ती कवळी काही चमकत नाही. त्यामुळे त्या हसल्या की नाही याचा एकोणीस वर्षांत कुणाला पत्ता लागलेला नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना विचारलं होतं, "आई, असलं अंजीर खाल्लं तर माणूस मरतं का हो?"

"मरत असतं तर सोपं झालं असतं," त्या म्हणाल्या.

मी हबकलेच.

"अगं, लगेच मेलं असतं तर कशाने मेलं ते कळलं असतं. हे थोडं थोडं पोटात जातं आणि पंधरा-वीस वर्षांनी यकृताचं दुखणं निघतं. तेव्हा कुणाला आठवणार आहे लहानपणी कुठल्या पुड्यातलं काय खाल्लं? कुणी आपल्या दारात भांडायला येणार नाही. म्हणून इथंच पकडायचं. या दारातून गेलं की गेलं."

मग त्यांनी माझ्या हातात एक अंजीर ठेवलं आणि कसं बघायचं ते शिकवलं. पोट बघायचं, पाठ बघायची, आणि मग बुडाशी जे बारीक भोक असतं, त्याला त्या डोळा म्हणतात, तिथे बघायचं. बाकीच्या बायका ट्रे हलवून वरवर नजर टाकतात. या बाई प्रत्येक फळ तळहातावर फिरवतात. आणि तरीही सगळ्यांच्या आधी त्यांचा ट्रे संपतो. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. मी सात वर्षं डोळ्यांत तेल घालून बघतेय.

आमच्यावर सुपरवायझर मॅडम आहेत. मॅडमची एक पद्धत आहे. अधूनमधून, न सांगता, त्या एखादीच्या ट्रेमध्ये दहा खराब अंजिरं मिसळतात. त्यांच्या देठाला नखाएवढी खाच असते, अंधारात ती दिसत नाही. तास झाला की तिचा डबा बाहेर उजेडात न्यायचा, उघडायचा, आणि खाचेची किती सापडली ते मोजायचं. दहापैकी दहा आली तर ठीक, नऊ आली तर कानउघाडणी. त्याखाली गेली की टेबल सुटलं, खाली खोकी दुमडायला जायचं. आमच्या सासूबाईंची एकोणीस वर्षं दहापैकी दहा. मॅडम नव्या बायकांना त्यांच्या मागे उभं करून सांगतात, "बघा, घार बघा." मी शेजारी बसून ऐकते आणि, लाज कसली, माझीच छाती फुगते.

यंदा मोठा माल आला. हा सगळा लॉट लहान मुलांचा खाऊ बनवणाऱ्या कारखान्यासाठी होता. तिथे अंजिरं दळून त्यांचा लगदा करतात आणि तो बाळांच्या पेजेत मिसळतात. म्हणजे एक खराब फळ एका पोराच्या वाट्याला येत नाही, सगळ्या घाण्यात मिसळतं. आमच्याकडे आठ दिवस होते. आठव्या दिवशी दोन वाजता ट्रक येणार होता.

दुसऱ्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. सासूबाई सारखा चष्मा पुसत होत्या. "दिवे जुने झालेत," म्हणाल्या, "प्रकाश धुरकट येतोय." दिवे मागच्याच महिन्यात बदलले होते. चौथ्या दिवशी माझी नजर सहज त्यांच्या ट्रेवर गेली. बघून बाजूला सारलेल्या ढिगात एक अंजीर चमकत होतं. चांगलं लखलखीत, डोळ्यापाशी.

त्यांच्या हातून सुटलं होतं. घारीच्या हातून.

मी हात लांब करून ते उचललं आणि त्यांच्या डब्यात टाकलं. त्यांना कळलं नाही. मग आणखी एक दिसलं, तेही टाकलं. त्याच दिवशी मॅडमची परीक्षा होती, हे नंतर कळलं. डबा उघडला, दहापैकी दहा. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला तोड नाही." सासूबाईंचे खांदे जरा सैल झाले.

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, तू सांगायचं होतंस. कुणाला सांगू? त्यांना? त्यांना साधं "आई, भाजीत मीठ कमी आहे" म्हटलं तर दोन दिवस अबोला असतो. मॅडमना सांगितलं असतं तर त्या दिवशी दुपारीच बाई खाली खोकी दुमडत बसल्या असत्या. मी त्यांना तिथे बघूच शकले नसते. सासरे गेले तेव्हा तेराव्या दिवशी या बाई टेबलावर हजर होत्या. हे टेबल म्हणजे त्यांचा कणा. मी मनाशी म्हटलं, एवढा लॉट जाऊ दे, मग गोडीगुलाबीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईन. तोपर्यंत मी आहे ना. माझं बघेन, त्यांचंही बघेन. मला वाटलं, मी केवढी मोठ्या मनाची सून!

चार दिवस मी तसं केलं. एक डोळा माझ्या ट्रेवर, एक त्यांच्या. संध्याकाळी मान आखडून जायची आणि मी स्वतःवरच खूश असायची.

आठव्या दिवशी सकाळी पुन्हा परीक्षा झाली. मॅडम डबा घेऊन बाहेर गेल्या, पाच मिनिटांनी दार किलकिलं करून म्हणाल्या, "मावशी, एकूण चोवीस निघाली. त्यात खाचेची दहा. शाब्बास. लॉट बंद करा, सगळी क्रेट खाली धाडा."

मी सुटकेचा श्वास टाकला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी दिवा बंद केला, चष्मा काढला, उठल्या आणि भिंतीला हात लावत मॅडमच्या मागोमाग बाहेर गेल्या. मीही गेले. का कोण जाणे, पाय आपोआप गेले.

बाहेर मॅडमच्या टेबलावर चोवीस अंजिरं कागदावर मांडलेली होती.

"मॅडम," सासूबाई म्हणाल्या, "माल थांबवा. माझी सगळी क्रेट परत उघडायची आहेत."

"का हो? काय झालं?"

"तुम्ही म्हणालात चोवीस. मी एकवीस टाकली."

मॅडम हसल्या. "मोजण्यात चूक झाली असेल."

"माझी मोजण्यात चूक होत नाही. एकोणीस वर्षं मी टाकलेलं प्रत्येक फळ मनात मोजते. मागच्या परीक्षेला पण मला शंका आली होती. पण तुम्ही दहा म्हणालात आणि मला वाटलं, आपलं म्हातारीचं मन, उगाच शंका खातं. आज नीट मोजली. एकवीस. मग ही वरची तीन डब्यात चालत आली का?"

एवढं बोलून त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नव्हता हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण त्या माझ्या कानाकडे बघून बोलत होत्या.

"तू टाकलीस ना?"

मी मान हलवली, मग लक्षात आलं, त्यांना दिसलं नसेल. "हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. आई, मी तुमच्यासाठीच..."

"गप्प बस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. "मला धुकं दिसत होतं. मी त्याच दिवशी सांगितलं असतं की माझे डोळे गेले, मला उठवा. पण परीक्षेत दहा आली. मी म्हटलं, डोळे ठीक आहेत, दिवाच खराब. डोळ्यांनी थोडं कमी दिसत होतं मला. आंधळं तू केलंस."

तोंडात मारल्यासारखं झालं मला.

एवढ्यात गोदामाचे मालक आले. यांना आम्ही घाईसाहेब म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "घाई आहे" पासून सुरू होतं.

"घाई आहे, ट्रक दोनला येतोय. काय चाललंय इथं?"

मॅडमनी सांगितलं. घाईसाहेबांचा चेहरा पडला.

"मावशी, लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आहे. कागद आहे माझ्याकडे. मग कशाला उगाच?"

"लॅबने किती बघितलं, साहेब?" सासूबाईंनी विचारलं. "कंटेनरमधून दोन-तीन पोती. त्यात नव्हतं, म्हणून नाही. बाकीच्यांत आहे की नाही ते कोण बघतं? आम्ही. म्हणून तर तुम्ही आम्हाला अंधारात बसवता. लॅब मूठभर बघते, आम्ही एकेक बघतो. आणि मी गेले आठ दिवस बघितलं नाही."

"पण तुम्ही बघितलंच ना? आणि सुनेने पण बघितलं. चार डोळ्यांनी बघितलं म्हणा की."

"तिचीही क्रेट उघडा," सासूबाई म्हणाल्या.

मी उसळले. "माझी कशाला? माझे डोळे चांगले आहेत!"

"डोळे चांगले आहेत गं. पण ते माझ्या ट्रेवर होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी. उघडा, मॅडम. दोघींची."

घाईसाहेब म्हणाले, कारखाना ओरडेल, पुढच्या वेळी माल दुसरीकडून घेईल. सासूबाई म्हणाल्या, ओरडू दे. ते म्हणाले, मावशी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही स्वतःच्याच तोंडाने तुमची खुर्ची घालवताय? त्या म्हणाल्या, खुर्ची माझी, मला कळतंय.

"बाळांची पेज आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "त्यांना 'नको' म्हणता येत नाही, चमचा आपण घालतो."

घाईसाहेबांनी त्या चोवीस अंजिरांकडे बघितलं. मग खिशातून फोन काढून ट्रकवाल्याला म्हणाले, "उद्या ये." आणि "घाई आहे" न म्हणताच निघून गेले. त्या माणसाबद्दल मी आजवर खूप वाईट बोलले आहे, पण त्या दिवशी मी मनातून त्यांना हात जोडले.

आमची दोघींची मिळून चव्वेचाळीस क्रेट वर परत आणली. ती बघायला बाकीच्या सगळ्या बायका बसल्या. आम्हा दोघींना त्या खोलीत बसायची परवानगी नव्हती, नियमच तसा. दाराबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो, मध्ये एक हाताचं अंतर ठेवून. जेवणाचा डबा आणला होता, कुणी उघडला नाही. सासूबाई मांडीवर हात ठेवून ताठ बसल्या होत्या. जाता-येता बायका त्यांच्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात कीव नव्हती, हे मी शपथेवर सांगते. नवी मुलगी तर चक्क थांबली आणि म्हणाली, "मावशी, पाणी आणू?" आजवर तिची घारीशी बोलायची छाती झाली नव्हती.

मी मात्र मनात एकच धरून बसले होते: माझ्या क्रेटमध्ये काही निघणार नाही. त्यांच्यात निघेल, बिचाऱ्यांचे डोळे गेले. पण माझ्यात नाही. एवढं तरी देवाने ठेवावं.

पाच वाजता मॅडम बाहेर आल्या. हातात दोन चिठ्ठ्या. पहिली त्यांनी सासूबाईंची वाचली.

"मावशी, तुमच्या बावीस क्रेटमध्ये सहा सुटली."

सासूबाईंनी डोळे मिटले. सहा. एकोणीस वर्षांत एक नाही, आणि आता सहा. मला वाटलं उठून त्यांच्या गळ्यात पडावं.

मॅडमनी दुसरी चिठ्ठी उलगडली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुझ्या बावीसमध्ये चौदा."

मी म्हटलं, "काय?"

"चौदा. पहिल्या दिवसांच्या क्रेटमध्ये काहीच नाही. सगळी शेवटच्या चार दिवसांतली."

अर्ध्या नजरेच्या बाईंच्या हातून सहा, आणि माझ्या धडधाकट डोळ्यांसमोरून चौदा. मला कळेना कुठे तोंड लपवू. चार दिवस मी त्यांच्यावर उपकार करत होते ना? त्या उपकारातली चौदा फळं उद्या दळली गेली असती, हजारो वाट्यांत गेली असती, आणि मला आयुष्यभर कळलंही नसतं. मी रडायला लागले. मोठ्याने, लहान पोरीसारखी, बाया बघतायत की नाही याची पर्वा न करता.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही खाली. ही पण महिनाभर खाली, मग पुन्हा परीक्षा. मला दुसरं काही करता येत नाही."

"करूच नका," सासूबाई म्हणाल्या. "पण महिन्याने हिला टेबलावर घ्या. हिची नजर माझ्याहून तेज आहे. फक्त लक्ष इकडेतिकडे जातं."

माझं रडणं आणखी वाढलं. सात वर्षांत त्यांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं होतं, आणि ते याच दिवशी करायचं होतं का!

मॅडम आत गेल्या. वीस अंजिरं नष्ट करण्याच्या डब्यात गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचा माल ट्रकमध्ये चढला. पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही दोघी अजून बाकावरच होतो.

"आई," मी म्हटलं, "चुकलं माझं."

"चुकलं," त्या म्हणाल्या. एवढंच. 'जाऊ दे' नाही, 'असू दे' नाही. त्या कधी खोटं बोलतच नाहीत, माणसाचं मन राखायलासुद्धा नाही. मी डोळे पुसले, पिशव्या उचलल्या आणि जिन्याकडे निघाले.

जिना उघड्यावरचा, लोखंडी. समोरून उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येत होती. मी दोन पायऱ्या उतरले आणि मागे पावलं वाजेनात म्हणून वळले. सासूबाई वरच्या पायरीवर कठडा घट्ट धरून उभ्या होत्या. एक पाय पुढे करायच्या, हवेत चाचपायच्या, मागे घ्यायच्या. किती महिने त्या हा जिना असा उतरत होत्या कोण जाणे. रोज मी पुढे आणि त्या मागे, आणि मला वाटायचं, मुद्दाम सावकाश येतात, मला ताटकळत ठेवायला.

मी परत वर गेले, पण हात लावायला धजले नाही. न विचारता मदत करून काय होतं ते आत्ताच बघितलं होतं.

त्यांनी कठड्यावरचा हात सोडला आणि माझ्या दिशेने पुढे केला.

"धर," त्या म्हणाल्या. "पायऱ्या दिसत नाहीत मला."

मी धरला. हात थंडगार होता. घरात एकदाही त्यांनी माझा हात असा मागितला नव्हता.

"मदत करायची तर अशी कर," त्या म्हणाल्या. "मला कळेल अशी."

मी "हो" म्हटलं आणि एकेक पायरी मोठ्याने मोजत त्यांना खाली घेऊन आले.